डॉड रिडॉकचा चर

आमच्या अ‍ॅबर्डीनकडच्या उत्खननांवर पीएचडीवाले डॉक्टर लोक येतात नि जातात, जेसीबीवर मात्र डॉड रिडॉकच. वय त्रेसष्ट, जीभ तिखट, आणि सकाळी दोन रोव्या, म्हणजे इकडचे खारट चपटे पाव, पोटात गेल्याशिवाय तो खुद्द सम्राटासाठीही यंत्र सुरू करणार नाही. मी अकरा वर्षं त्याच्या बकेटसमोर थापी घेऊन उभा आहे आणि तितकीच वर्षं त्याची बोलणी खातो आहे.

आमचं कामही काही विचारू नका. रोमन फौज इथे दोन रात्री राहिली, छावणीभोवती चर खणला आणि जाताना फुटका चमचासुद्धा मागे ठेवला नाही. आम्ही त्या बुजलेल्या चराचा रंग शोधतो. पिवळ्या मातीत काळपट पट्टा दिसला, की शिकली-सवरलेली माणसं एकमेकांना मिठ्या मारतात.

बॉगहेडच्या शेतातल्या छावणीच्या तीन बाजू सापडल्या होत्या. चौथी ओढ्याकाठी असणार, असं सगळ्या विद्वानांचं मत.

"चिखलात कोण मरायला खणेल?" डॉड म्हणायचा. "मी खणणारा माणूस आहे. चर वरच्या उतारावर आहे."

लोक हसायचे. तो हट्टाला पेटला होता. सोमवारपासून त्या शेतावर रस्त्याचं काम सुरू होणार होतं. शुक्रवारी आमच्या प्रमुख, एल्स्पेथ गिब, वैतागून म्हणाल्या, "डॉड, जा, घ्या तुमच्या उतारावर एक खड्डा. निदान तुमचं तोंड तरी बंद होईल."

अर्ध्या तासात काळपट पट्टा उघडा पडला. एल्स्पेथबाई चिखलात नाचल्या. डॉड खाली उतरला, कडेला वाकून बघू लागला आणि त्याचा चेहरा पडला.

"नाचू नकोस, पोरी. हा चर मी खणलाय. सत्त्याऐंशी साली, शेताचं पाणी काढायला. पार विसरलो होतो. अजून खाली जा, मी पुरलेला नळ लागेल."

नळ अजून मातीखालीच होता. डॉड गप्प बसला असता, तर त्याचं म्हणणं खरं ठरून सोमवारी सगळं रस्त्याखाली गेलं असतं. मला त्याची फार कीव आली.

बाईंनी नाचणं थांबवलं. "पण इथेच का खणलात?"

"शेतकऱ्याने दाखवली ती जागा दगडांनी भरलेली. ही पट्टी लोण्यासारखी मऊ लागली. गेलो तिच्या मागेमागे..." डॉड चटकन चराच्या कडेकडे वळला.

बाई गुडघ्यांवर बसून थापीने कडा खरवडू लागल्या. डॉडच्या चराच्या दोन्ही अंगांना, वीतभर रुंदीची, तिरकी उतरलेली जुनी माती निघाली. रोमन चर. मधला सगळा गाभा डॉडच्या चराने खाल्ला होता, साठ मीटर लांब.

मी म्हणालो, "म्हणजे सगळ्यांच्या आधी तूच शोधलास की रे!"

"आणि उकरून फेकून दिला," डॉड म्हणाला. त्याने टोपी काढली. डोळे ओले होते, ते त्याने लपवलेही नाहीत.

संध्याकाळी नकाशा काढताना बाईंनी विचारलं, "तुमच्या खोदकामाला काय म्हणू? अलीकडचा नळ?"

"नाव घाल माझं. डॉड रिडॉक, सत्त्याऐंशी. नाहीतर पुढचा एखादा विद्वान म्हणेल, ही नासधूस रोमनांनीच केली, आणि ते बिचारे फुकट शिव्या खातील."