पंख्यातला खण

होडीची मोटर सांभाळणारे भाऊ तिच्याशी सुनेशी बोलावं तसं बोलतात. "आज रुसनी का वं?"

त्या दिवशी पलीकडच्या गावी माझी लेक बाळंत झाली होती. पहिली नात! मी तिकडेच निघाले होते, होडीत सगळ्यांना कळलंच होतं. आणि भर नदीत मोटर जोर धरीना.

भाऊंनी कान लावला, मग मोटर बंद करून वर उचलली. पंख्याला कुणीतरी तापीमायला वाहिलेला ओटीचा खण गुंडाळला होता.

मी चारचौघांत कधी बोलत नाही, पण म्हणाले, "कापा ना भाऊ!"

"मायना खण शे अक्का, कसा कापू?"

एकेक वेढा सोडवून त्यांनी खण पाण्यात सोडला, हात जोडले, दोरी ओढली. होडीनं नाक वर केलं.

"धरीसन बठा, आजीबाई!"

मला पहिल्यांदाच कुणी आजी म्हटलं. मी सगळ्यांदेखत मोठ्यानं हसले.