सक्शनचा काटा आणि शिरपूरची केळी

सक्शन गेजचा काटा खाली गेला, वर आला, पुन्हा खाली. मी व्हॉल्व्हचा स्क्रू आणखी पाव फेरा फिरवला.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावजवळ एका शेठजींची कोल्ड रूम आमच्या कंपनीने बसवली होती आणि सर्व्हिसला मी होतो. आत शिरपूरच्या नानांचे केळीचे घड होते. नाना पहिल्यांदाच माल परदेशात पाठवत होते. केळ्याला तेरा-चौदा डिग्री लागते. त्याखाली साल काळवंडते, वर राहिलं की केळी वाटेतच पिकतात.

खोलीत थंड नळ्यांची जाळी असते, ती कॉइल. तिच्यात पातळ गॅस उकळतो आणि हवेतली उष्णता ओढून घेतो. गॅस किती सोडायचा ते व्हॉल्व्ह ठरवतो. कधी तो जास्त सोडतो, मग एकदम आवळतो, पुन्हा जास्त सोडतो. याला हंटिंग म्हणतात, आणि गॅसचा दाब दाखवणारा सक्शन गेजचा काटा मग असा वरखाली होतो.

"साहेब, काटा हलतोय," शेठजी म्हणाले. जणू मला डोळेच नव्हते.

"सेट करतोय."

"सकाळपासून सेटच करताय."

खरं तर स्क्रू फिरवला की वीस मिनिटं गप्प बसायचं असतं. मला पाच मिनिटंही धीर निघेना. पुण्याहून बॉस फोनवर विचारत होते, "व्हॉल्व्ह मोठा पडलाय का?" मी अकरा वेळा फिरवला.

नाना गेजकडे बघतच नव्हते. आत जाऊन त्यांनी पंख्यासमोर हात धरला.

"भाऊ, आठे हवाच नही शे."

ट्रक भरताना घडांना मार लागू नये म्हणून मध्ये केळीचा वाळका पाला घालतात. हमालांनी इथेही तसाच घातला होता. पंख्याने तो ओढून निम्म्या कॉइलवर चिकटवला होता. हवा अडली, उष्णता पोचेना, गॅस पुरता उकळेना. व्हॉल्व्ह बिचारा गोंधळणारच. उघड्या भागातून येणारा थोडासा वारा मात्र फार गार होता.

पाला काढला, स्क्रू मूळ खुणेवर आणला. अर्ध्या तासात काटा थांबला.

तिसऱ्या दिवशी कॉइलजवळच्या दोन थप्प्या काळवंडल्या. नानांनी त्या स्वतःच बाजूला काढल्या. "बाकीना माल जाऊ द्या," एवढंच म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, पाल्यामुळे हवा अडली. ते खोटं नव्हतं. आधी हवा तपासायची, व्हॉल्व्हला शेवटी हात लावायचा, हे मला ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. ते रिपोर्टमध्ये लिहिलं नाही.