दिवसाची लाईट

राजुरीच्या माळावर सोलरचा छोटा प्रकल्प झाला, तेव्हा पॅनल धुण्याच्या कामावर मी लागले. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. तो गेला त्या आठवड्यात शेतीला फक्त रात्रीची लाईट होती. तो अंधारात कांद्याला पाणी भरायला गेला आणि त्याला साप चावला.

माळावर दिवसभर मी एकटीच असायचे. एकदा इंजिनियर तपासणीला आला, तेव्हा मी विचारलं, "भाऊ, यात काय फिरत नाय, आवाज नाय, मग लाईट येती कुठनं?"

"काचेखाली त्या निळ्या पट्ट्या आहेत ना, त्यांच्यावर ऊन पडलं की वीज तयार होते," तो म्हणाला. "ती त्या पेटीत जाते, मोटारीला चालेल अशी होते आणि तारेवर चढते. धूळ बसली की कमी होते, म्हणून तुमचं काम."

तो गेला. खालच्या मळ्यात शेजारचे भाऊजी याच लाईटवर भर दुपारी मोटार लावून गव्हाला पाणी देत होते. त्यांनी मला हात केला, मीही केला.

अशी दिवसाची लाईट तेव्हा असती तर, असं मनात आलं. पण ते बोलायला जवळ कुणी नव्हतं. मी पाइप उचलला आणि पुढची रांग धुवायला घेतली.