दुधातले राखणदार

२०२३ साल, मला एकाहत्तर चालू होतं. परदेशात, क्लेमेंटीत, लेकीच्या फ्लॅटवर राहायला गेलो होतो. शाळा माझी चौथीपर्यंत. पण गाईंच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं मी चालवून घेतलं नाही, अजूनही घेत नाही.

एका संध्याकाळी गावाहून बायकोचा फोन आला. तांबडीला दगडी झाली होती. मागचा एक सड सुजून कढत, कास दगडासारखी घट्ट, धारेला पाणी नि गाठी. नुकती व्यालेली गाय, घरातली एकटीच दुभती.

"डॉक्टरला बोलावू का?"

"काही नको. हळद नि कोरफड लाव. तो सुई मारून जातो अन् दूध आटतं."

लेक शेजारीच उभी होती. दुभत्या जनावराच्या कासेत जंतू शिरले की अंगातल्या पेशी काय करतात, हे बघणं हेच तिचं युनिव्हर्सिटीतलं काम.

"आबा, सड जाईल. ताप चढला तर गायच जाईल."

"तुझ्या जन्माआधीपासून धारा काढतोय मी."

"मग उद्या चला माझ्याबरोबर. बघा, आणि मग भांडा."

तिच्या लॅबमध्ये चप्पल चालत नाही, म्हणून जावयाचे बूट घालून गेलो. बोटं चेपत होती. उत्तरेकडच्या एका फार्मवरच्या शेळीलाही दगडी झाली होती, तिच्या दुधाचा थेंब लेकीनं काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपचा पडदा माझ्याकडे वळवला.

ज्या गाठींना मी जन्मभर नासलेलं दूध समजलो, त्यात जिवंत काहीतरी हलत होतं. शेळीच्याच रक्तातून उतरलेल्या पेशी, ती म्हणाली. जंतू द्राक्षाच्या घडासारखे लटकलेले. एक पेशी थबकली, वळली, अंग लांब करत त्यांच्यामागे लागली. घड सरकला की ही सरकायची. शेवटी गाठलंच, आणि सगळ्या अंगानं गिळलं. ना डोळे, ना नाक!

"हिला कुणी सांगितलं, कुठं जायचं ते?"

"जंतूंचा माग लागतो त्यांना. आणि सुजलेली जागा हाक मारते."

दुसरी एक पेशी जागची हललीच नाही. ती फुटली, आणि पोटातले धागे तिनं जाळ्यासारखे बाहेर फेकले. जंतू त्यात अडकले.

"मेली?"

"मेली. पण त्यांना घेऊन."

एवढी लढाई माझ्या मुठीतल्या सडात चालायची आणि मला पत्ता नव्हता. तरी जीभ गप्प बसते थोडीच!

"बघ, मी काय म्हणत होतो? गाईचं औषध गाईजवळ आहे. डॉक्टर कशाला?"

ती हसली. "थांबा, हा गडी बघा." ती पेशी गोल गोल थेंबांनी गच्च भरलेली होती. जंतू शेजारून जात होते, ती ढिम्म. "दुधातली चरबी आहे ही. रक्तात हे चपळ असतात. दुधात आले की लोणी खात सुटतात, मग जंतूंना जागाच उरत नाही. लग्नात जिलब्या हाणून तुम्ही भिंतीला टेकता ना, तस्सं."

हसलो मी. मग विचारलं, "परत रक्तात जातात का हे?"

"नाही आबा. इथं उतरला तो इथंच संपतो. तरी मागून येतच राहतात."

मी त्या पडद्याला हात जोडले. लेकीनं पाहिलं. घरी येताना बसमध्ये तिनं गाईचा विषय काढला नाही. माझीच पोरगी ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या, चहाआधी, मी फोन लावला. गावाकडं अजून उजाडलं नव्हतं.

"अगं, डॉक्टरला बोलाव. आजच. तो येईतो सड पिळून रिकामा करत राहा, आणि ते दूध वासराला पाजू नको."

"अहो, तुम्हीच बोलताय ना?"

"मीच. आणि तो आला की फोन त्याच्या हातात दे. त्याला आधी माझ्याशी बोलू दे."