गाडीतली गर्भार बाई

आमच्या गाडीत एक गर्भार बाई राहते, हे मला आयुधपूजेच्या दिवशी कळलं.

ह्यांनी सकाळी गाडी धुतली, झेंडूचे हार घातले, चाकांखाली लिंबं ठेवली आणि चावी फिरवून मला हाक मारली, "ये की, बघ कशी दिसतीय." मी आत वाकून पाहिलं तर स्टिअरिंगच्या मागे काचेत एक लाल चित्र पेटलेलं. खुर्चीत बसलेली बाई आणि तिच्या पोटापुढे हा एवढा मोठा गोळा! आमची अश्विनी तेव्हा सातव्या महिन्यात, म्हैसूरला सासरी. मला भरूनच आलं. म्हटलं, गाडीलासुद्धा कळलं.

"छान चित्र लावलंय हो कंपनीनं," मी म्हणाले.

"चित्र नव्हे ते," हे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "एअरबॅगचा दिवा हाय तो. धडक बसली की समोरनं फुगा फुगतो आणि माणसाला वाचवतो. त्यात काहीतरी बिघडलंय."

(माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण ते चित्र काढणाऱ्याचं त्याहून कमी असणार. त्या माणसापुढे फुगा नाही, सरळसरळ नववा महिना आहे.)

इथवर ठीक होतं. पण ह्यांना आयुधपूजेचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा होता. स्टिअरिंगला हार, हाराला हळदकुंकू आणि हाराच्या मागे ती लाल बाई, असा झकास फोटो त्यांनी टाकला. सगळ्यांनी हात जोडले. आमचा जावई मंजू मात्र हात जोडत बसला नाही. त्याने लगेच फोन केला.

"अत्ते, चुकीचं समजू नका. पण ती लाइट आहे तोवर अश्विनीला त्या गाडीत बसवणार नाही मी."

मंजू कन्नड घरातला, सासूला 'अत्ते' आणि सासऱ्याला 'मावा' म्हणणारा, मराठी बेताची, पण हे वाक्य त्याने एकही चूक न करता म्हटलं. शिवाय त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि हीच मोठी अडचण होती. रविवारी आम्ही अश्विनीला पहिल्या बाळंतपणासाठी आणायला जाणार होतो. मी डिंक निवडून ठेवला होता, अळीव आणून ठेवले होते, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून धुऊन घडी घालून ठेवली होती. तेवढ्यात फोन विहीणबाईंनी घेतला.

"काही त्रास घेऊ नका तुम्ही," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "बाळंतपण इथंच करू. आमच्याकडं सगळी सोय आहे."

सगळी सोय आहे म्हणे!

मी फोनवर बोलणारी बाई नाही. विहीणबाईंशी तर लग्न ठरल्यापासून माझं बोलणं 'हं', 'हं' आणि शेवटी 'सरी', म्हणजे 'बरं', एवढंच. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "रविवारी येतो. आमच्याच गाडीनं. दिवा विझवून."

मग अश्विनी आली फोनवर. तिला दिव्याशी काही घेणं नव्हतं. "आई, काकवी मिळाली का गं?"

"तुझ्या मामीला विचार," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

ह्या काकवीचं सांगायला हवं. गणपतीला आम्ही निपाणीजवळ माझ्या भावाकडे गेलो होतो. परत येताना आमच्याकडे गाडीत आधी सामान बसतं आणि उरलेल्या जागेत माणसं. डिकीत ज्वारी, स्टेपनीच्या खळग्यात कांदे, दाराच्या कप्प्यांत लसूण, आरशामागे जागा असती तर तिथे मी चटणीची पुडी अडकवली असती. भावाने अश्विनीसाठी काकवीचा डबा राखून ठेवला होता. बेंगळुरूला पोचून सगळं उतरवलं, तर काकवीचाच डबा नाही. भावजयीने ऐनवेळी काढून घेतला, असा मला संशय आला. संशय कसला, खात्रीच. तेव्हापासून ती फोनवर काहीही बोलली तरी मी फक्त 'बरं' म्हणत होते.

फोन ठेवून मी तांब्याभर पाणी प्यायले आणि ह्यांना विचारलं, "दिवा विझतो ना हो?"

"आता विचारतीस?"

सर्विस सेंटरवाल्यांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. मी कोपऱ्यावरच्या गॅरेजचं नाव काढलं तर हे छाती काढून म्हणाले, "जन्मभर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मशीनं खोलली मी. एका फुग्यासाठी त्याच्या दारात जाऊ?" मग म्हणाले, "त्यापेक्षा टॅक्सी करू. नाहीतर ट्रेन हाय की."

"आपल्याच गाडीनं जायचं," मी म्हणाले. मी फार कमी शब्द बोलते. त्यामुळे बोललेल्यातला एकही वाया घालवणं मला परवडत नाही.

त्यांचा पहिला उपाय म्हणजे चावी. चावी फिरव, बंद कर, फिरव, बंद कर. लाल बाई हलली नाही. दुसरा उपाय संध्याकाळी झाला. त्यांनी मंजूला व्हिडिओ कॉल लावला आणि खुशीत सांगितलं, "गेला बघा दिवा!"

मंजूने बराच वेळ पाहिलं. "मावा, तिथं तो गणपती सकाळी नव्हता."

काचेवर, बरोबर त्या बाईच्या जागी, ह्यांनी गणपतीचं स्टिकर चिकटवलं होतं. आणि गणपतीचं पोट मागून लालबुंद चमकत होतं.

"पूजा होती ना," हे म्हणाले.

"सरी मावा," मंजू म्हणाला. त्या 'सरी'त काय काय होतं ते मला स्वच्छ ऐकू आलं, कारण तो शब्द मीही तसाच वापरते.

शनिवारी सकाळी ह्यांनी स्टिकर काढलं, आणि खालच्या मजल्यावरचे साठेसाहेब मदतीला आले. मूळचे पुण्याचे, सरकारी कारखान्यात विमानांचे भाग करण्यात आयुष्य गेलं. आमच्या गाडीकडे ते नेहमी, मोठ्या माणसाने लहान मुलाच्या खेळण्याकडे बघावं तसे बघतात.

"सोपं आहे," साठेसाहेब म्हणाले. "बॅटरीची वायर काढायची, थोडं थांबायचं, परत लावायची. सिस्टीम सगळं विसरते. मी कालच व्हिडिओ पाहिलाय."

वायर काढली. दोघे थोडं थांबले. थांबायला चहा लागतो म्हणून मी चहा केला. वायर परत लावली आणि गाडीने जो गळा काढला! हॉर्न थांबेना, वायपर सुरू झाले ते थांबेनात, चारी बाजूंचे दिवे उघडझाप करायला लागले. गल्लीतली कुत्री तोंड वर करून साथ देऊ लागली. समोरच्या अक्का गॅलरीत येऊन ओरडल्या, "एनायतु री? काय झालं?"

"नॉर्मल आहे!" साठेसाहेबांनी खालून सांगितलं.

शेवटी सापडतील ती सगळी बटणं दाबल्यावर गाडी गप्प झाली. घड्याळात भलतीच वेळ आली. रेडिओ, जो कधीच लागत नव्हता, तो लागला आणि त्यावर कानडीत भाजीचे भाव सांगू लागले. आणि लाल बाई तिच्या जागी. उलट तिच्या शेजारी आणखी एक पिवळा दिवा येऊन बसला होता.

"सोबत आली तिला," मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही. मी मुळात ऐकू येईल असं बोलतच नाही.

"आता एकच राहिलं," साठेसाहेब शर्टाच्या बाह्या वर सारत म्हणाले. "बॅटरी पुन्हा काढू आणि स्टिअरिंग खोलू. फुगा त्यातच असतो."

ह्यांनी पान्हा उचललासुद्धा. आणि त्या गल्लीत मी पहिल्यांदाच ओरडले.

"स्टिअरिंगला हात लावायचा नाही!"

कुत्रीही गप्प झाली. साठेसाहेबांनी पान्ह्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वहिनी, मी विमानं—"

"विमानात फुगा तोंडावर फुटत नव्हता तुमच्या," मी म्हणाले. "बाळाला आजोबा लागतात. नाकासकट." एवढं बोलून मला इतकी लाज वाटली की तोंड लपवायला मी गाडीचं दार उघडून आतच बसले. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, पदर डोक्यावर घेऊन, खाली बघत.

खाली बघत होते म्हणूनच मला मुंग्या दिसल्या.

दाराच्या फटीतून काळ्या मुंग्यांची रांग आत येत होती. हार सुकले होते, पण मुंग्या हारांकडे जात नव्हत्या. त्या पायपुसणीवरून सरळ माझ्या सीटखाली शिरत होत्या आणि परतताना फार समाधानी दिसत होत्या. मुंग्यांची रांग दिसली की तिचं दुसरं टोक शोधायचं, ही स्वयंपाकघरातली सवय. मी सीटखाली हात घातला. हाताला काहीतरी चिकट लागलं. मग डबा लागला. आडवा, झाकण निसटलेला आणि जवळजवळ रिकामा.

काकवी!

भावजयीने काढून घेतलेली. जी मीच, निघण्याच्या गडबडीत, सांडू नये म्हणून सुरक्षित जागी ठेवली होती.

मी हात हळूच बाहेर काढला. पहिला विचार मनात आला तो डबा पदराखाली घेऊन वर निघून जाण्याचा. पण माझी बोटं डब्याला चिकटली होती.

"काय हाय गं तिथं?" ह्यांनी आत डोकं घातलं. वाकून टॉर्च मारला. सीटखाली पिवळ्या वायरींचा जोड होता, आणि डबा त्यावर रेलून जोड अर्धा उपटला गेला होता. उरलेल्या अर्ध्यात काकवी भरली होती. त्या काकवीत मुंग्यांची जत्रा.

"पिवळी वायर म्हणजे एअरबॅगचीच," साठेसाहेब म्हणाले. "पण हे वंगण कुठलं?"

"निपाणीचं," हे म्हणाले. आणि दोघे माझ्याकडे बघायला लागले.

बघू देत. मी काही मान खाली घातली नाही. मी विचारलं, "आयुधपूजेला गाडी कुणी धुतली?"

"मी."

"सीट मागंपुढं कुणी सरकवली?"

"मी. पण—"

"आणि सीटखाली पुसलं नाही. दिसतं तेवढंच पुसलं. पुसलं असतं तर डबा तेव्हाच सापडला असता, आणि पोरीला काकवी मिळाली असती."

ह्यांनी टॉर्च बंद केला. साठेसाहेब हळूच म्हणाले, "मुद्दा आहे वहिनींचा." (चौथी शिकलेल्या माणसाला वकील होता येत नाही, हे मला तेव्हापासून पटत नाही.)

बॅटरीची वायर पुन्हा काढून जोड सोडवला. साठेसाहेबांनी घरून स्पिरिट आणलं, ह्यांनी जुन्या टूथब्रशने काकवी खरवडली, मी सीटखाली गरम पाण्याचं फडकं फिरवलं. सगळं वाळवलं, जोड खटकन बसवला, बॅटरी लावली आणि चावी फिरवली. लाल बाई पेटली. आम्ही तिघेही वाकून बघत. आणि मग ती गेली, तिची पिवळी सोबतही गेली. कुठलंही स्टिकर न लावता गेली.

ह्यांनी लगेच मंजूला फोन केला. मंजू म्हणाला, छान झालं, पण एकदा मशीन लावून तपासून घ्या. साठेसाहेबांचंही तेच मत पडलं. मी नुसता काकवीचा डबा हातात धरून उभी राहिले. हे मुकाट्याने गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजात घेऊन गेले आणि सगळं ठीक आहे असं ऐकून आले.

रविवारी आम्ही म्हैसूरला गेलो. आमच्याच गाडीने. मी लाल इरकल नेसले होते. विहीणबाईंनी अश्विनीची ओटी भरली, मी त्यांच्याकडे सरळ बघून "दिवा विझला" असं सांगितलं, आणि त्या चक्क "सरी" म्हणाल्या.

निघताना डिकी अश्विनीच्या सामानाने भरली. मागच्या सीटवर अश्विनी उशा घेऊन आडवी झाली. तेवढ्यात विहीणबाई आतून त्यांच्या शेतातला भोपळा घेऊन आल्या. भोपळा कसला, पिंप! माझा सीटकडे नुसता डोळा गेला.

"सीटखाली नको!" हे, मंजू आणि अश्विनी एकाच वेळी म्हणाले.

म्हणजे म्हैसूरपर्यंत पोचलं होतं तर. अश्विनीला पोचलं म्हणजे निपाणीलाही पोचलं असणार, हे माझ्या लक्षात आलं. तरी मी मान वर ठेवली. म्हटलं, मागे ठेवायचा नाही, खाली ठेवायचा नाही, तर मी मांडीवर नेते. भोपळा मांडीवर घेतला, पट्टा लावला, दोन्ही हातांनी भोपळा धरला आणि अगदी ताठ, समोर बघत बसले.

मंजूने बाजूच्या खिडकीतून फोटो काढला. आम्ही हायवेला लागेपर्यंत तो ग्रुपवर होता. अश्विनी मागे हसायला लागली ती थांबेना. मला भीती वाटली की बाळंतपण गाडीतच होतं की काय. तिने फोन माझ्यापुढे धरला.

खुर्चीत बसलेली लाल बाई आणि तिच्या पोटापुढे हा एवढा मोठा गोळा.

खाली मंजूने लिहिलं होतं, 'मावा, लाइट परत ऑन.'

आणि त्याखाली निपाणीहून भावजयीचं उत्तर आलेलं. एकच शब्द.

'बरं.'

मी फोन परत दिला आणि भोपळा आणखी घट्ट धरला.