सुशीलामावशींचा नकार

सुशीलामावशींच्या जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनच्या घरी पाहुण्याला चहा मिळायचा, पण आधी हात धुऊन करंज्यांना मुरड घालायला बसावं लागे. नाताळाआधी चर्चच्या बाजारात त्या करंज्या विकत. ते पैसे टांझानियात पाळक होण्यासाठी शिकणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्तीला जात. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला इंजिनियर. माझ्या करंज्या हमखास तेलात फुटत. "हाताला वळण नाही तुझ्या," म्हणत मावशी त्या मलाच खायला घालत. त्यामुळे सुधारायची मला घाई नव्हती.

मावशी मूळच्या नगरच्या. तरुणपणी अशाच एका शिष्यवृत्तीवर जर्मनीत आलेल्या. दोन वर्षं शिकायचं आणि परत जाऊन गावोगावच्या बायकांसाठी काम उभं करायचं, अशी बोली होती. "निघताना आईनं मुरडीचा कानवला दिला होता. गेलेलं माणूस परत यावं म्हणून देतात ना, तो. मी विमानातच खाल्ला," असं हसत सांगायच्या. मग इथेच लग्न झालं. नगरला गेल्या त्या आईच्या मातीला, आणि तेव्हाही पोचायला उशीरच झाला. हे सांगताना मात्र त्या हसत नसत.

टांझानियातला एलिया हा त्यांचा लाडका विद्यार्थी. त्याचा फोटो फ्रिजवर लावलेला असे, आणि त्याला इंग्रजी पत्रं लिहायचं काम माझ्याकडे होतं. शिक्षण संपत आलं तेव्हा त्याने विचारलं, दोन वर्षं जर्मनीत शिकायला यायचंय, शिफारस द्याल का?

"नाही म्हणून लिही," मावशी म्हणाल्या.

"का हो? हुशार आहे. दोनच वर्षं तर आहेत."

"दोन वर्षं म्हणजे किती, ते मला विचार. त्याचं गाव पाळकाची वाट बघतंय."

मला रागच आला. "मावशी, तुम्ही आलात ते चाललं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणूनच."

मी नकार लिहिला, त्यांनी खाली सही केली.

एलियाचं उत्तर आलं नाही. मावशी दिवसातून दोनदा टपालपेटी उघडून बघत. "पोराची वाट अडवली का रे मी? माझ्या चुकीची शिक्षा त्याला दिली?"

पुढच्या नाताळाआधी त्या इस्पितळात होत्या. मला बोलावून म्हणाल्या, "आल्झो, तर मग, कागद घे. शिफारस देते म्हणून लिही. परत जायचं की नाही, ते त्याचं तो बघेल. मी कोण ठरवणार?" त्यांची सही होईपर्यंत मी कागद धरून ठेवला. पत्र मी त्याच दिवशी टाकलं. चार दिवसांनी मावशी गेल्या.

एलियाचं पत्र आजवर आलेलं नाही. तो त्याच्या गावात आहे की आणखी कुठे, मला ठाऊक नाही.

मीही दोन वर्षांसाठीच आलो होतो. त्याला आता सहा वर्षं झाली. दर रविवारी आई फोनवर विचारते, "कधी येतोस रे?"

मी म्हणतो, "अजून दोनच वर्षं, आई."