न चाखलेल्या मनुका

देवाच्या आधी मनुका चाखणारी बाई म्हणून मी आमच्या घरात बदनाम आहे. पूजेच्या शिऱ्यात घालायच्या असोत, नाहीतर नातसुनेसाठी रात्री भिजत टाकायच्या असोत, पुडा फोडला की पहिली मनुका माझ्या तोंडात जाते. सूनबाई कळवळते, "अहो आई, निदान नैवेद्य तरी दाखवू द्या!" मी म्हणते, देव माझ्याहून म्हातारा आहे, थांबेल तो घटकाभर. त्यांना वाटतं म्हातारीची जीभ सुटली. सुटली तर सुटली. पण ही खोड जिभेची नाही.

माझं माहेर दौलताबादचं, किल्ल्याच्या पायथ्याशी. राज्य निजामाचं होतं. त्या काळी तिथल्या द्राक्षांना लई नाव. आमच्या विहिरीजवळ वडिलांचा द्राक्षांचा मांडव होता. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मिसरूड फुटलं तेव्हा त्यांनी स्वतः लावलेल्या त्या वेली. माय, म्हणजे माझी आई, चिडली की म्हणायची, "माझ्या आधीची सवत हाय ती." दादा नुसते हसायचे. मांडवाखाली गेले की ते आवाजसुद्धा खाली आणत. पोरं निजलेल्या खोलीत माणूस जसा बोलतो, तसं बोलत.

पण द्राक्ष म्हणजे माहेरवाशीण, चार दिवसांची. बैलगाडीनं शहरातल्या शहागंजच्या बाजारात नेईपर्यंत टोपलीच्या तळचे घड फुटायचे, वर माशा घोंगावायच्या. दादांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, घराचे कारभारी. त्यांची सासुरवाडी गंगापूरकडची, तिथं ऊस. विहिरीला पाणी बेताचंच. आबांचं म्हणणं, मांडव काढा आणि ऊस लावा. "गूळ कधी कुजतो का, सांग मला?" असं ते विचारायचे. आबा काही वाईट माणूस नव्हते. बारा तोंडांचं घर चालवायचं होतं त्यांना.

शेवटी दादांनी एक साल मागून घेतलं. द्राक्षं सुकवून मनुका करतो, म्हणाले. शहागंजच्या मेवावाल्यानं माल घेतला तर मांडव ठेवायचा, नाही घेतला तर मी स्वतःच्या हातानं कुऱ्हाड लावीन. आबा म्हणाले, "शबूद?" दादा म्हणाले, "शबूद."

त्या चैतात मी पहिलटकरीण म्हणून माहेरी आले होते. सातवा सरत आलेला.

मनुका करायची रीत दादांनी हिंग-मेवा विकायला येणाऱ्या एका पठाणाकडून काढून घेतली होती. कढत पाण्यात पापडखार आणि थोडं गोडं तेल टाकायचं. टोपलीतला घड त्यात बुडवला न बुडवला की वर. जास्त ठेवला तर शिजतो, कमी ठेवला तर साल उलत नाही आणि आतलं पाणी आतच अडतं. मग सावलीत पसरायचा. उन्हात वाळली की मनुका काळी पडते, सावलीतल्या वाऱ्यावर सोनेरी होते. दादांनी माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, सावलीसाठी तुराट्यांचं छप्पर घातलं. आता खाली अंथरायचं काय? मायनं घरातलं सगळ्यात मोठं आणि धडकं कापड काढलं, तिच्या माहेरची पासोडी. जाड, दुहेरी. तिनं ती विहिरीवर रिठा लावून आपटून आपटून धुतली, वाळवली, पुन्हा धुतली.

त्या पासोडीवर दरसाल आमच्या मिरच्या वाळायच्या.

हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, असं आता तुम्ही विचाराल. अहो, पासोडी दिसायला बगळ्यासारखी झाली होती! दोन पदरांच्या मधे वर्षानुवर्षांची मिरचीची भुकटी बसलीय, हे कुणाला दिसणार? आम्ही बाया रोज सकाळी हातानं मनुका वरखाली करायचो, हात चुरचुरायचे. पण चैतात कुठल्या बाईचे हात चुरचुरत नाहीत? घरोघरी तिखट कांडणं चालू. आणि तेल लावलेलं फळ तिखट कसं ओढून घेतं, हे तर रोज कालवण करणाऱ्या आम्हाला कुणी शिकवायला हवं होतं? पण नाही सुचलं.

बरं, चाखल्या असत्या तर सुचलं असतं. तिथं मायचा नेम आडवा आला. नवं पीक आधी देवाला, मग घरातल्या वडील माणसाला, मग बाकीच्यांना. माझी काय गत झाली असेल, बघा! पोटात पोर, तोंडाला पाणी, आणि डोळ्यांपुढं सोनेरी मनुका. मी म्हणायची, "एकच दे गं. डोहाळे पुरवत नाहीत का कुणी लेकीचे?" माय म्हणायची, "देवाच्या आधी खाल्लीस तर याद राख." लहानपणापासून चोरून खाणारी मी. पापडाच्या लाट्या, चिंचेचे गोळे, काही सोडलं नव्हतं. पण पोटातल्या जिवाला भिऊन त्या एका उन्हाळ्यात शहाण्यासारखी वागले, आणि तिथंच घात झाला. एक मनुका चोरली असती तर मांडव वाचला असता.

माल तयार झाला. मला शहरातल्या जनाना दवाखान्यात दाखवायचंच होतं, म्हणून दादांनी मलाही बरोबर घेतलं. स्टेशनाच्या वाटेवर मारुतीपुढं मूठभर मनुका ठेवल्या, त्यातल्या थोड्या परसाद म्हणून उपरण्याच्या गाठीत बांधल्या. पहिला परसाद आबांचा, म्हणून गाठ पक्की. मारुतीनं काही तक्रार केली नाही. त्याला काय, तो थोडाच चावून बघतो!

शहागंजचे मेवावाले चाचा जुने ओळखीचे, दादांना पटेल म्हणायचे. दरसाल ईदेला ते दादांना शेवया, खारीक, मनुका असं कोरडं सामान द्यायचे, म्हणजे मायला आपल्या हातानं खीर करता यावी. त्यांनी पोतं उघडलं, मूठ भरून उजेडात धरली. "पटेल, दाना तो उम्दा है. काबुली के बाजू में रख दो, कोई पैचानेगा नहीं." दादांचा चेहरा असा फुलला की मलाच दृष्ट काढावीशी वाटली. चाचांनी एक मनुका तोंडात टाकली, मान डोलावली, आणि चावता चावता थांबले. कान लाल झाले. हातानंच सुरई मागितली, घटाघटा पाणी प्यायले. "पटेल! मनुका है की मिर्ची है जी?"

दादांनी एक खाल्ली. मग मी खाल्ली, एकदाची. आधी गोड, इतकी गोड की डोळे मिटावेत. मग घशाशी आग.

"सुकाए किसपे?" चाचांनी विचारलं.  माझ्या तोंडून निघून गेलं, "पासोडी! मिरच्यांची पासोडी!" चाचा आधी खो खो हसले, मग दादांकडं बघून हसायचे थांबले. म्हणाले, "माल में खोट नहीं, कपड़े में खोट है. ये साल तो मैं किसको बेचूं? अगले साल कपड़ा बदलो. पूरा माल मेरा, जबान देतौं."

तिथून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईनं माझ्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि म्हणाली, "रक्त कमी आहे. रोज मनुका खात जा. रात्री भिजवायच्या, सकाळी बिया काढून पाण्यासकट घ्यायच्या." बाहेर दादा पोतं मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांना हे सांगितलं. हसावं का रडावं, दोघांनाही कळेना.

परतीच्या गाडीत मी एकसारखी बोलत होते. "दादा, बरं झालं की! दोष पासोडीचा, द्राक्षांचा नाय. आबांना खरं सांगा, ते अजून एक साल देतील. चाचांनी शबूद दिलाय."

दादा खिडकीबाहेर बघत होते. किल्ला दिसायला लागला तेव्हा म्हणाले, "पासोडी कुणी हातरली?"

मायनंच. आमच्या घरात मायच्या हाताला गुण नाही, असं बोललं जायचं. गाय दगावली तर वैरण मायनं घातली होती. लोणचं नासलं तर भरलं मायनं होतं. आम्ही तिघी बहिणीच झालो, तर तोही तिचाच हातगुण. आबांची बायको, आमची काकू, बोलायची, आबा ऐकून घ्यायचे, आणि माय खाली मान घालून भाकरी थापायची.

"मांडव गेला तर गेला," दादा म्हणाले. "पर तो तिनं घालवला, असं या घरात जलमभर ऐकून घ्यावं लागंल तिला. मायला सांगायचं नाय. कुणालाच सांगायचं नाय." आणि उपरण्याची गाठ सोडून परसाद पोत्यात ओतला.

घरी आबा ओट्यावर वाटच बघत होते. दादा म्हणाले, "ओल ऱ्हायली. माझीच घाई झाली. बुरशी धरंल, कुणी खाऊ नका." पोतं त्यांनी शेतातल्या खोपीत नेऊन टाकलं. मायनं विचारलं, "अन् परसाद?" दादांनी माझ्याकडं बोट केलं. "हिनं खाल्ला वाटंत समदा."

मग काय! देवाचा, आबांचा परसाद गिळला म्हणून मायनं माझा असा उद्धार केला की शेजारपाजार गोळा झाला. खादाड काय, अवदसा काय. मी, जिला एकाला चार ऐकवल्याशिवाय झोप येत नाही, ती हूं की चूं न करता उभी होते. घशात अजून आग होती.

चार दिवसांनी दादांनी मांडवाला कुऱ्हाड लावली. गडी मदतीला आला तर त्याला परत पाठवला. तोडलेल्या जागेतून पाणी ठिबकत होतं. मी लांबूनच बघितलं आणि खरं सांगते, ढसाढसा रडले. नंतर पुष्कळदा दुपारी खोपीत भाकरी घेऊन गेले की दादा त्या मनुका खाताना दिसायचे. डोळे पुसत म्हणायचे, "तिखट हायेत गं." मी म्हणायची, "व्हय दादा, लई तिखट हायेत."

मला मुलगी झाली. पुढच्या चैतात तिला घेऊन माहेरी आले, तर विहिरीजवळ ऊस उभा. माळवदावर माय मिरच्या पसरत होती, गोणपाटावर. मी विचारलं, "पासोडी कुठाय?"

"जाळली," माय म्हणाली. "तू सासरी गेलीस त्याच आठवड्यात. गल्लीभर लोक खोकत होते."

 तिनं मिरच्या पसरायचं थांबवलं नाही. "मांडव तोडल्यावर, आखाडाच्या तोंडावर माळवद लिंपायला चढले होते. फटीत एक मनुका घावली. देवाला दाखवून झालं होतं, टाकली तोंडात. तिखटजाळ निघाली."

"अन् तू बोलली नाय? वरीसभर?"

"बोलून काय करू? वेली का पुन्हा चिकटणार व्हत्या? माझ्यापायी त्यांनी मांडव दिला, पोरी. मला ठावं नाय असं त्यांना वाटतंय, तेवढंच त्यांच्या हातात ऱ्हायलंय. ते कसं काढून घेऊ?" मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "त्यांना सांगू नगंस."

संध्याकाळी दादा शेतातून आले. माळवदाकडं बघत हातपाय धुतले, जेवायला बसले. सहज विचारल्यासारखं म्हणाले, "मिरच्या गोणपाटावर कशा? पासोडी कुठं गेली?"

"उंदरानं कुरतडली," माय म्हणाली.

"बरं झालं," दादा म्हणाले. "जुनीच झाली व्हती."

मायनं न विचारता त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. एरवी ते दोनच खायचे. त्या दिवशी त्यांनी तिसरीही खाल्ली. मी दोघांच्या मधे लेक मांडीवर घेऊन बसले होते. दोघांचंही गुपित माझ्याच पोटात. जीभ नुसती वळवळत होती, पण मी लेकीला छातीशी धरलं आणि भिंतीकडं तोंड करून पाजायला बसले.